गावात ओपन चित्रप्रदर्शन लावायचंय? आधी भिंत बघून या

कोल्हापूर, धारवाड नाहीतर पणजीतनं आर्टचं शिक्षण करून पोरंपोरी बेळगाव जिल्ह्यातल्या सीमाभागात, खानापूर, निपाणी, संकेश्वरला परत आली की चहाच्या गाड्यावर एकदा तरी हा विषय निघतोच, आपल्याकडं पण एक प्रदर्शन लावूया की, सगळ्यांना खुलं, दरवेळी बेळगाव-पुण्याकडं कशाला बघायचं. विषय निघतो आणि तिथंच राहतो, कारण पुढं नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजवर एकही प्रदर्शन लावलेलं नाही, गॅलरी नाही, फंड नाही, हौस आहे आणि मदतीला चारपाच हात आहेत, एवढं धरून चाललोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या गावात प्रदर्शन जमलं की फसलं हे कुणाची चित्रं आली त्यावर फार कमी ठरतं. ती कशी टांगली आणि त्यांच्याजवळ कोण उभं राहिलं यावर जास्त ठरतं. म्हणून निवड समिती, परीक्षक, बक्षीस, स्मृतिचिन्ह यात जाणारा वेळ वाचवा आणि भिंतीला द्या.

ओपन म्हणजे किती ओपन

हे पहिल्याच बैठकीत ठरवायचं. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशन १७६९ पासून चालू आहे, तिथं कुणीही काम पाठवू शकतं पण निवड झाल्याशिवाय भिंतीवर जात नाही. पॅरिसमधे १८८४ ला चित्रकारांनी वेगळाच रस्ता काढला, परीक्षक नाही आणि बक्षीसही नाही, जो येईल त्याचं काम लागणार. आपल्यासारख्या गावाला हा दुसरा रस्ताच बरा, कारण इथं ज्याचं चित्र नाकारलं तो माणूस उद्या सकाळी डेअरीत दूध घालताना समोर उभा असतो, आणि पुढच्या वर्षी तो तर येत नाहीच पण त्याच्या गल्लीतलं पण कुणी येत नाही.

म्हणजे काहीही घ्यायचं असं नाही. तीन अटी पुरतात. काम स्वतःचं पाहिजे, कॅलेंडरवरनं नाहीतर मोबाईलवरनं जसंच्या तसं उतरवलेलं नको. साईज ठरलेली पाहिजे, भिंतीवरचं असेल तर ३ बाय ४ फुटाच्या आत, जमिनीवरचं असेल तर दोघांना उचलता आलं पाहिजे आणि दारातनं आत गेलं पाहिजे (हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, जुन्या घरांची दारं लई बारकी असतात). आणि माणशी एकच काम. सरांचं पण एक आणि आठवीतल्या पोरीचं पण एक. ही अट कुणासाठी मोडली की सगळंच सैल होतं.

तारीख

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर जो पाऊस असतो त्यात कागद भिजतो, कॅनव्हास सैल पडतो, फ्रेमच्या आतनं बुरशी येते, त्यामुळं पावसाळा बाद. गणपती-दिवाळीत माणसं मोकळी नसतात. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिवस) आसपास आपल्या भागात वातावरण तापलेलं असतं, तेव्हा नको. भातकापणी, मळणी आटोपेपर्यंत गावाकडची माणसं येत नाहीत. डिसेंबरात बेळगावला सुवर्णसौधमधे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की पोलीस तिकडं बंदोबस्तात, तुमच्या परवानगीचा कागद टेबलावरच पडून. मार्चपासून परीक्षा आणि मग यात्रा-जत्रा. राहिलं काय, तर संक्रांत झाल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी असते आणि संध्याकाळी लोक बाहेर पडतात. चार दिवस ठेवा, त्यात गावचा आठवडी बाजार आणि रविवार दोन्ही आले पाहिजेत.

जागा

जागा शोधताना एकच प्रश्न विचारायचा, इथं गावातला कुठलाही माणूस विचार न करता आत येईल का. देवळाचा हॉल फुकट मिळतो पण तिथं सगळ्यांची पावलं सारखी मोकळी पडत नाहीत, आणि कुठलं चित्र चालेल यावर पण बंधन येतं. मंगल कार्यालय मोठं असतं, पण भाडं भारी आणि भिंतीला खिळा मारू देत नाहीत. माझी पसंती बाजारपेठेजवळच्या बंद पडलेल्या कौलारू घराला नाहीतर वखारीला. निपाणीकडं तंबाखूच्या जुन्या वखारी आहेत, उंच, कोरड्या, आत खांब कमी, असली जागा शहरातल्या चित्रकाराला स्वप्नात पण मिळत नाही. जपानमधे नीगाताच्या डोंगराळ खेड्यांत २००० पासून एचिगो-त्सुमारी नावाचं मोठं कला प्रदर्शन भरतं, तरुण माणसं गाव सोडून गेल्यामुळं ओस पडलेली घरं आणि बंद झालेल्या शाळा हीच तिथली दालनं. आपल्याकडं पण पट कमी झालेल्या शाळांत खोल्या रिकाम्या असतात. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या (शाळेच्या समितीच्या) अध्यक्षांना आणि हेडमास्तरांना आधी भेटा, मग बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसचा कागद घ्या, तोंडी ‘करा की हो’ वर जाऊ नका.

जागा बघायला दोनदा जायचं, एकदा दुपारी, एकदा रात्री. दुपारी कळतं की कौलातल्या काचेतनं उन्हाचा तुकडा कुठल्या भिंतीवर पडतो आणि तासाभरात कुठं सरकतो, रात्री कळतं की लाईट किती आहे आणि उंदीर किती आहेत. भिंतीच्या खालच्या बाजूला वाळवीची मातीची रेघ दिसली तर त्या भिंतीला लाकडी फ्रेम टेकवायचीच नाही. कुलूप चांगलं आहे का, संडास आहे का, म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी पायरी आहे का, हे पण बघून घ्या.

कागदपत्रं, पटकन

गावात असाल तर ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज, खानापूरसारख्या ठिकाणी पट्टण पंचायतीत, निपाणीत नगरसभेत. एक प्रत पोलीस स्टेशनला. स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी, रात्री १० नंतर बंद. अर्ज कन्नडमधे लिहून न्या, कुणीतरी लिहिणारा मित्र असतोच, काम एका फेरीत होतं. जादा लाईटचा लोड असेल तर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनला विचारून घ्या, आकडा टाकायच्या भानगडीत पडू नका, जुनं लाकडी माळवद आणि ढिली वायर हे लई वाईट.

बॅनरचं बघा. कर्नाटकात फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, सगळे लावतात म्हणून आपण पण लावायचा हे चित्रकारांना शोभत नाही. गावातल्या पेंटरला मांजरपाटाच्या कापडावर बोर्ड रंगवायला द्या, त्याला काम मिळतं, बोर्ड फ्लेक्सपेक्षा दहापट देखणा होतो, आणि त्यालाच म्हणा की तुझं पण एक काम प्रदर्शनात लाव. बाहेरच्या बोर्डावर कन्नड वर आणि ठळक घ्या, खाली मराठी. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असा राज्याचा नियम २०२४ पासून आहे, आपलं काही दुकान नाही, पण बोर्डावरनं सुरू झालेला वाद आतल्या चित्रांपर्यंत कुणाला पोचू देत नाही, हे सीमाभागात राहणाऱ्याला सांगायला नको.

लोकांना बोलवायचं कसं

एका पानाचा फॉर्म काढा, एका बाजूला मराठी, मागं कन्नड. नाव, गाव, फोन, कामाचं नाव, कशात केलंय, साईज, विकायचं आहे का आणि किती रुपयाला. खाली काम आणून द्यायची तारीख आणि परत न्यायची तारीख, दोन्ही ठळक. फी घेऊ नका. फार तर वीस-तीस रुपये, पण त्याचा हिशोब ठेवण्यातच जास्त डोकेदुखी.

फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला की झालं असं समजू नका. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि काम एकाचंही येत नाही. ड्रॉईंगच्या सरांना जाऊन भेटा, मग जी माणसं स्वतःला कलाकार म्हणवत नाहीत त्यांच्या दारात जा. गणपतीचे मूर्तिकार वर्षातले बरेच महिने मोकळे असतात. खानापुरात कुंभारकाम आहे, खादी ग्रामोद्योगचं ट्रेनिंग सेंटर आहे, त्यातल्या कुणालातरी एकदा गिऱ्हाइकाच्या मापाबाहेरचं काहीतरी करायचं असतंच. गोकाककडं लाकडी फळं-भाज्या करणारे आहेत. आणि वाकळा शिवणाऱ्या बायका. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकन वंशाच्या) बायकांच्या कवंदी, म्हणजे वाकळाच, आता शहरातल्या प्रदर्शनात भिंतीवर लागतात, रंगांची मांडणी बघून आर्ट स्कूलवाले गप्प होतात. आपल्या आजीची वाकळ पण लावा, पण तिच्या नावानं लावा. ‘पारंपरिक कला विभाग’ असा वेगळा कोपरा करून नको, ॲक्रिलिकच्या शेजारी, त्याच भिंतीवर.

काम ताब्यात घेताना

एक जाड रजिस्टर, नंबर टाकून. काम हातात आलं की पुढनं-मागनं मोबाईलवर फोटो, कुठं पोपडा निघालाय, काच तडकलीय ते देणाऱ्याच्या समोरच लिहायचं आणि त्याची सही. पावती द्या, नंबर मागं पेन्सिलनं लिहा नाहीतर दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, पुढनं सेलोटेप चिकटवू नका. ऑईल कलरचं काम असेल तर नाक जवळ नेऊन वास घ्या, ओलं असेल तर वेगळं उभं करा, तसल्या चित्रावर दुसरं टेकवलं की दोन्ही गेली. बबल रॅप नसेल तर जुन्या सुती साड्या चालतात. चित्रं आडवी एकावर एक कधीच नाही, उभी, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ.

टांगणं, हे नीट वाचा

आपल्या जुन्या भिंती चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या. चिऱ्यात खिळा मारला की भोक मोठं होतं आणि खिळा गळतो, मातीच्या भिंतीत तर हातानं निघतो. म्हणून भिंतीला हात न लावता टांगायची सोय करायची. वर माळवदाच्या तुळईला नाहीतर वाशांना एक सरळ लाकडी पट्टी बांधून घ्या, तिच्यावरनं बारीक साखळी नाहीतर जाड नायलॉन दोरी सोडा, एस हुक अडकवा, चित्र त्याला. उंची खालीवर करायची तर साखळीची एक कडी बदलली की झालं. जिथं वर काहीच आधार नाही तिथं पेंडॉलवाल्याकडनं बांबू आणून चौकटी बांधा, त्यावर गोणपाट ताणून शिवा. गोणपाटाचा मातकट रंग कुठल्याही चित्राला त्रास देत नाही, पेंडॉलवाला जे गुलाबी-पिवळं झालरीचं कापड आग्रहानं देतो ते मात्र हात जोडून परत करा.

उंची अशी काढायची. चित्राचा मधला बिंदू जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर आला पाहिजे, उभ्या माणसाची नजर तिथं येते. समजा चित्र ३० इंच उंच आहे, त्याचं अर्धं १५. मागची तार मधे धरून ताणली की ती वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. मग हुक कुठं, ५७ अधिक १५ वजा ३, म्हणजे ६९ इंचांवर. प्रत्येक चित्राचं हे वेगळं येतं, वहीत लिहून काढा, अंदाजानं करू नका. सगळ्या चित्रांची वरची कड एका रेषेत आणायचा मोह होतो, तो टाळा, मधले बिंदू एका रेषेत आणा, बारकी मोठी चित्रं शेजारी आली तरी भिंत शांत दिसते. जुन्या घराची जमीन सपाट नसते हे पण ध्यानात ठेवा, जमिनीवरनं टेप लावत गेलात तर दुसऱ्या टोकाला चार बोटं फरक पडतो. गवंड्याकडनं पाण्याची लेव्हल नळी मागून आणा, दोन टोकांना खूण करा, मधे दोरी ताणा, आणि सगळी मापं त्या दोरीवरनं घ्या.

टांगायच्या आधी सगळी कामं भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ठेवा आणि अर्धा दिवस नुसतं हलवत राहा. कोण कुणाशेजारी शोभतं ते तिथं कळतं. मोठ्या सरांना समोरची मेन भिंत आणि पोराटोरांना संडासाकडचा बोळ, असलं करायचं नाही. दोन चित्रांत निदान एक हात जागा सोडा. जागा पुरत नसेल तर चित्रं दाटीनं लावण्यापेक्षा बाहेरच्या पडवीत बांबूच्या चौकटी वाढवा.

लाईट वरनं तिरका पडला पाहिजे, भिंतीशी साधारण ३० अंश, सरळ समोरनं मारला की काचेत बघणाऱ्याचं स्वतःचंच थोबाड दिसतं. एलईडी घेताना पांढरेफटक निळसर नकोत, डब्यावर ३००० ते ४००० केल्विन लिहिलेले घ्या. कौलातली काच वरनं बटर पेपरनं झाका. जलरंग आणि जुने फोटो उन्हात चार दिवस पण ठेवू नका. कुणी व्हिडिओचं काम दिलं तर गावातनं एक जुना टीव्ही मागून आणा, पेन ड्राईव्ह लूपवर लावा आणि इन्व्हर्टर जोडा, करंट गेल्यावर पुन्हा चालू करायला प्रत्येक वेळी तो कलाकार शोधत बसावं लागतं नाहीतर.

चिठ्ठ्या

नाव, गाव, काम, कशाचं केलंय, किंमत, बास. मराठी आणि कन्नड दोन्ही, आत मात्र एकाच आकाराचं अक्षर. कन्नड कुणातरी कन्नड माणसाकडनं वाचून घ्या, गूगलवरचं चिकटवू नका. गावाचं नाव कधी सोडायचं नाही. नंदगडच्या माणसाला नंदगडचं कुणी दिसलं की तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतो. कलाकारानं दीड पानाचं ‘माझ्या कलेविषयी’ लिहून दिलं असेल तर एक फाईल करून टेबलावर ठेवा, ज्याला वाचायचं तो वाचेल.

जवळ कोण उभं राहणार

आपल्या भागातल्या लोकांची नजर चित्राला नवखी नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांनी व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं शिकवून अख्खी पिढी तयार केली, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. त्यामुळं चित्र म्हणजे हुबेहूब पाहिजे असं इथं बऱ्याच जणांच्या मनात पक्कं बसलंय. मग तुमच्या प्रदर्शनात कुणी गंजक्या विळ्यांचा ढीग मांडला किंवा भिंतभर रेशनकार्डाच्या झेरॉक्स चिकटवल्या की पहिला प्रश्न येणारच, हे काय आहे? नाहीतर कन्नडमधनं तेच, इदेन री? यात टोमणा शोधू नका, माणूस खरंच विचारतोय. आणि तोच माणूस शिवजयंतीच्या चित्ररथासमोर तास-तास उभा राहिलेला असतो, पोरांनी दिवाळीला मातीचा किल्ला केला तर वाकून तटबंदी बघतो, मांडून ठेवलेल्या गोष्टीत अर्थ बघायची त्याला सवय आहे.

म्हणून प्रत्येक खोलीत एक माणूस ठेवा, दोन्ही भाषा थोड्याफार येणारा. त्याला अर्थ सांगायला शिकवू नका. त्यानं तीनच गोष्टी सांगायच्या, हे कुणी केलंय, कुठल्या गावचं, आणि कशाचं केलंय. हे विळे कुणाच्या घरातनं गोळा केले ते सांगितलं की बघणारा पुढचं स्वतः बोलायला लागतो, बहुतेक वेळा त्याच्याकडंच विळ्याबद्दल जास्त सांगण्यासारखं असतं. त्यावेळी आपण गप्प बसायचं. कॉलेजच्या पोरांना हे जड जातं, त्यांना पोस्टमॉडर्न सांगायचं असतं. हात लावलेलं चालेल तिथं ‘हात लावून बघा’ अशी चिठ्ठी लावा, बाकी ठिकाणी खडूची रेघ ओढा, ‘हात लावू नये’ च्या पाट्यांपेक्षा रेघ जास्त चालते.

वेळ सकाळी १० ते १२ शाळांसाठी, दुपारी बंद, मग ४ ते ९. रानातनं, कामावरनं आलेली माणसं सातनंतरच येतात, सहाला कुलूप लावलं तर प्रदर्शन फक्त पेन्शनरांसाठी होतं. बाजारादिवशी मात्र सकाळपासून उघडं ठेवा, बाजाराच्या पिशव्या ठेवायला दारात एक टेबल आणि प्यायला पाणी. पिशवी हातात घेऊन कुणी नीट बघत नाही.

उद्घाटनाचं वीस मिनिटांत उरका. पुढारी बोलावले की एक पक्ष आला आणि दुसरा रुसला. काम दिलेल्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईला नाहीतर माणसाला पडदा बाजूला करायला सांगा, चहा-भजी द्या, झालं.

कुणी आक्षेप घेतला तर

घेणारच. उघड्या अंगाचं चित्र, देवाचं चित्र, नाहीतर सीमाप्रश्नावरचं काहीतरी. तयारी आधीच पाहिजे, म्हणजे अंतिम निर्णय कोण घेणार ती दोन-तीन नावं उघडण्याच्या आधी ठरलेली आणि वहीत लिहिलेली पाहिजेत. उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या चार वेगवेगळ्या माणसांना बोलावून दाखवा, कुठं अडकेल ते तिथंच कळतं. प्रत्यक्षात कुणी आवाज चढवला तर गर्दीसमोर बोलू नका, बाहेर बाकड्यावर चहा पाजा, ज्याचं काम आहे त्याला बोलवा, दोघांना बोलू द्या. काम काढायचं का ठेवायचं हे त्या कलाकाराला न विचारता कधीही ठरवू नका, तो म्हणाला राहू दे तर ठरलेली माणसं निर्णय घेतील आणि त्याला कारण सांगतील. पोलीस स्टेशनला आधीच प्रत दिलेली असते ती इथं कामाला येते.

विक्री आणि परत देणं

किंमत कलाकारानंच टाकायची. नवख्याला टाकता येत नसेल तर सामानाचा खर्च अधिक कामाच्या दिवसांची मजुरी एवढं तरी धर म्हणावं, लाजून शंभर रुपये लिहितात लोक. खर्चासाठी १० टक्के कापणार असाल तर ते फॉर्मवरच छापलेलं पाहिजे. विकलं गेलं की चिठ्ठीवर लाल टिकली लावा, पण काम शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहील हे घेणाऱ्याला सांगून ठेवा. पैसे शक्यतो थेट कलाकाराच्या यूपीआयवर जाऊ द्यात. पुढं ज्यांना विकण्यातच रस आहे त्यांनी जानेवारीत बंगळूरला चित्रसंतेला एकदा जाऊन यावं, चित्रकला परिषत २००३ पासून भरवते, रस्त्यावर मांडलेली चित्रं लोक हातात घेऊन किंमत कशी विचारतात ते तिथं बघायला मिळतं.

जमाखर्चाचा कागद शेवटच्या दिवशी दारावर चिकटवा, जागा, लाईट, गोणपाट, चहा, टेंपो, कुणी किती दिले, सगळं. असं केलं की पुढच्या वेळी वर्गणी मागायला तोंड राहतं.

परत द्यायचा दिवस एकच ठेवा, बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून. पावती बघून, घेताना काढलेला फोटो मोबाईलवर उघडून, दोघांनी मिळून काम तपासायचं आणि रजिस्टरात सही. काहीजण येतच नाहीत, त्यांना दोन फोन करा, मग गावागावाची गठ्ठी बांधून त्या बाजूला जाणाऱ्या टेंपोत नाहीतर ओळखीच्या माणसाबरोबर पाठवा आणि पोचल्याचा फोटो मागवा. साखळ्या, हुक, पट्ट्या एका पत्र्याच्या पेटीत घालून वर यादी चिकटवा, बांबू पेंडॉलवाल्याला मोजून द्या. शाळेची खोली असेल तर भोकं बुजवून, झाडून, बाकडी पहिल्यासारखी लावून त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आत हेडमास्तरांच्या हातात किल्ली द्या.